करुणेचा आसन्न शत्रू
छायाचित्रकार व दिग्दर्शक यांच्या कार्यपद्धतीविषयी एक विचार

गेल्या वर्षावासात आमच्या अभ्यासवर्गात एक वाद उपस्थित झाला. जातीय अत्याचारांच्या छायाचित्रांचे एक प्रदर्शन विहाराच्या सभागृहात भरवावे, अशी काही तरुणांची सूचना होती. त्यांनी मोबाइलवर जमविलेली छायाचित्रे वर्गात दाखविली. त्यांतील बरीचशी मृतदेहांची होती. तेव्हा मागच्या रांगेतील एक वयोवृद्ध उपासिका उठून म्हणाल्या, "लेकरांनो, हे तुमच्या घरचं माणूस असतं, तर असं भिंतीला टांगलं असतं का?" त्यावर एक तरुण नम्रपणे म्हणाला, "आजी, फोटो नसते तर हे घडलं असं कुणी मानलंच नसतं." वर्ग स्तब्ध झाला. दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकते, याचे उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते.

आमचे शिक्षण पालि वाङ्मयातील. चित्रपट हा आमचा प्रांत नव्हे. तथापि, 'पाहणे' ही क्रिया भगवान बुद्धांच्या मानसशास्त्राच्या केंद्रस्थानी आहे. छायाचित्रकार आणि दिग्दर्शक हे दुसऱ्यांसाठी पाहण्याचा व्यवसाय करणारे लोक होत. ते कोठे उभे राहतात, किती वेळ थांबतात, काय निवडतात आणि काय वगळतात, याचा अभ्यास धम्माच्या अभ्यासकाला परका वाटण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखात आम्ही काही मोजक्या कृतींच्या आधारे हा विचार मांडू इच्छितो.

निमित्त आणि अनुव्यंजन

इंद्रियसंवराचे विवेचन करताना पालि सुत्तांत दोन शब्द वारंवार येतात : निमित्त आणि अनुव्यंजन. डोळ्यांनी रूप पाहिल्यावर त्याचे ठोकळ चिन्ह पकडणे म्हणजे निमित्तग्रहण, आणि त्यातील बारकाव्यांना चिकटणे म्हणजे अनुव्यंजनग्रहण. साधकाने ही दोन्ही टाळावीत, असा उपदेश आहे. मज्झिमनिकायातील मधुपिण्डिक सुत्त याच्या पुढे जाते. स्पर्शातून वेदना, वेदनेतून संज्ञा, संज्ञेतून वितर्क आणि वितर्कातून प्रपंच, अशी साखळी तेथे सांगितली आहे. मनुष्य रूप पाहतो, असे आपण म्हणतो. वस्तुतः तो बहुधा स्वतःच्या प्रपंचाकडेच पाहत असतो.

छायाचित्रणाच्या इतिहासात याचे ठसठशीत उदाहरण आपल्याच मुंबईचे आहे. विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ या वर्षी मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील माणसांची छायाचित्रे एका ठिकाणी घेतलेली आणि त्यांच्यामागील पार्श्वभूमी दुसऱ्या छायाचित्रातून आणून जोडलेली, अशी त्याची पद्धत होती. म्हणजे माणूस खरा, पार्श्वभूमीही खरी. परंतु त्या दोहोंचा संबंध मात्र छायाचित्रकाराने निर्माण केलेला. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात माणूस हा माणूस म्हणून येत नाही, तर जातीचा नमुना म्हणून येतो, आणि त्या जातीच्या स्वभावाविषयीचे मत खाली छापलेले असते. चौकटीत उभे राहणाऱ्याला त्या मजकुराविषयी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. निमित्तग्रहणाचे याहून शुद्ध उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

याउलट भरहुतच्या स्तूपाचे शिल्पकार पाहा. त्यांनी अनेक शिल्पांवर ब्राह्मी लिपीत त्या त्या दृश्याचे नाव कोरून ठेवले आहे. आणि जेथे तथागत आहेत, तेथे त्यांची मूर्ती न कोरता रिकामे आसन, पदचिन्हे किंवा बोधिवृक्ष कोरला आहे. काय दाखवायचे नाही, हे त्या कारागिरांनी विचारपूर्वक ठरविले होते. वगळणे हीसुद्धा कार्यपद्धती असते, आणि वगळण्यामागील हेतू शोधणे हे समीक्षकाचे पहिले काम होय.

'सुजाता' : काय वगळले गेले?

बिमल रॉय (१९०९–१९६६) हे मूळचे छायालेखक. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये प्रमथेश बरुआंच्या 'देवदास'चे छायाचित्रण त्यांनी केले होते. १९५९ साली त्यांनी सुबोध घोष यांच्या कथेवरून 'सुजाता' काढला. अस्पृश्य मातापित्यांची अनाथ मुलगी एका अभियंत्याच्या घरी वाढते. घरातील सर्वजण तिला मुलीसारखी म्हणतात, परंतु मुलगी म्हणत नाहीत. नूतन यांनी ही भूमिका केली आणि पालनकर्त्या आईची भूमिका आपल्या सुलोचनाबाईंनी केली. छायालेखकाचा डोळा या चित्रपटात सर्वत्र जाणवतो. दूरध्वनीवरून गाणे ऐकणाऱ्या सुजाताच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो, ते दृश्य पाहिलेला प्रेक्षक ते विसरत नाही.

या चित्रपटात रवींद्रनाथांच्या 'चंडालिका' या नृत्यनाट्याचा प्रवेश येतो. येथे पालि-संस्कृतच्या अभ्यासकाने थांबले पाहिजे. ही कथा पालि त्रिपिटकात नाही. ती संस्कृत 'दिव्यावदाना'तील 'शार्दूलकर्णावदाना'त येते. राजेंद्रलाल मित्र यांच्या १८८२ च्या ग्रंथातील सारांशावरून रवींद्रनाथांनी प्रथम १९३३ साली नाटक आणि पुढे १९३८ साली नृत्यनाट्य लिहिले. कथेचा पूर्वार्ध सर्वांना परिचित आहे. आनंद विहिरीवर पाणी मागतो. मातंगकन्या प्रकृती आपली जात सांगते. आनंद म्हणतो की मी जात विचारली नाही, पाणी मागितले. ती त्याच्यावर अनुरक्त होते, तिची आई मंत्रप्रयोग करते, इत्यादी.

परंतु मूळ अवदान येथे संपत नाही. किंबहुना येथून ते खऱ्या अर्थाने सुरू होते. प्रकृती भिक्षुणी होते. ही वार्ता श्रावस्तीत पसरताच ब्राह्मण व गृहपती क्षुब्ध होतात, आणि राजा प्रसेनजितही बुद्धांकडे येतो. मातंगाची मुलगी संघात कशी, हा त्यांचा प्रश्न. त्यावर भगवान पूर्वजन्मीची कथा सांगतात : त्रिशंकू नावाचा मातंगराजा आपल्या शार्दूलकर्ण या पुत्रासाठी पुष्करसारी या विद्वान ब्राह्मणाच्या कन्येला मागणी घालतो, ब्राह्मण संतापतो, आणि मग त्रिशंकू जातिभेदाचे मुळापासून खंडन करतो. चारही वर्णांच्या माणसांत शरीररचनेचा भेद दाखवून द्या, असे त्याचे आव्हान आहे. अवदानाचे नावसुद्धा या मातंगपुत्राचे आहे, आनंदाचे किंवा प्रकृतीचे नव्हे.

रवींद्रनाथांनी हा उत्तरार्ध घेतला नाही. प्रकृतीच्या मनातील तृष्णा आणि तिचे आत्मभान हा त्यांचा विषय होता, आणि कवीला तो अधिकार आहे. परंतु बिमल रॉय यांनी जेव्हा जातीवरील चित्रपटासाठी ही कथा घेतली, तेव्हा त्यांच्या हाती केवळ पूर्वार्ध आला. पाणी देणारी मुलगी आली. संघात प्रवेश करणारी भिक्षुणी आली नाही. जातीने दुखावलेले मन आले. जातीशी वाद घालणारा मातंगराजा आला नाही. त्याचा परिणाम संपूर्ण चित्रपटावर झालेला दिसतो. सुजाता सोसते, गप्प राहते, प्राण देण्यास निघते, गांधीजींच्या पुतळ्यापाशी थबकते आणि परत येते. शेवटी आईला रक्ताची गरज पडते, आणि सुजाताचेच रक्त जुळते. रक्ताला जात नसते, हे शरीराच्या साक्षीने सिद्ध करण्याची ही युक्ती त्रिशंकूच्या युक्तिवादाच्या फार जवळ आहे, याची नोंद आम्ही आदराने करतो. परंतु फरकही लक्षात घ्यावा. त्रिशंकू स्वतः बोलतो. सुजाताला मात्र स्वीकृतीसाठी आपले रक्त द्यावे लागते, आणि प्रमाणपत्र पुन्हा घरच्या लोकांनीच द्यावयाचे असते. तिची वस्ती, तिचे लोक कथेच्या कडेलाच राहतात.

आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त ब्रह्मविहारांचे विवेचन करताना प्रत्येक भावनेचे दोन शत्रू सांगितले आहेत : एक दूरचा, एक आसन्न म्हणजे जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू विहिंसा होय. तो सहज ओळखता येतो. तिचा आसन्न शत्रू मात्र 'गेहसित दोमनस्स', म्हणजे गृहाश्रित दौर्मनस्य आहे. ज्यात आपले मन गुंतले आहे, त्याच्या अभावाने किंवा नाशाने होणारे हे दुःख करुणेसारखेच दिसते, म्हणून ते फसविते. 'सुजाता' पाहून आम्ही विद्यार्थिदशेत रडलो होतो. आज वाटते, त्या अश्रूंत करुणा किती होती आणि एका सोज्ज्वळ, सोशिक मुलीवर जडलेले आमचे मन किती होते, हे तपासणे आवश्यक आहे. सुजाता एवढी सुंदर, एवढी नम्र आणि एवढी सुसंस्कृत नसती, तर आम्ही रडलो असतो काय?

'सद्गति' : अंतर राखण्याची पद्धती

सत्यजित राय यांची तयारी प्रसिद्ध आहे. लाल कापडी बांधणीच्या वह्यांत ते दृश्यामागून दृश्याची रेखाटने करीत. छायाचित्रकार कार्तिये-ब्रेसाँ यांच्याविषयी त्यांना विशेष आदर होता. घटना रचू नये, ती ज्या क्षणी आपले रूप प्रकट करते तो क्षण ओळखावा, ही दृष्टी त्यांनी त्या परंपरेतून घेतली. त्यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांनी 'अपराजितो'साठी (१९५६) काशीच्या घराच्या देखाव्यात कापडावरून परावर्तित केलेला प्रकाश वापरला. उघड्या चौकातून झिरपणारा दिवसाचा उजेड त्यामुळे खराखुरा भासला. साधनाचा उपयोग सत्याच्या जवळ जाण्यासाठी कसा करावा, याचा हा उत्तम पाठ होय.

१९८१ साली दूरदर्शनसाठी राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून 'सद्गति' केला. दुखी चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढण्यासाठी पंडित घासीरामकडे जातो. तापातून उठलेल्या, उपाशी माणसाला पंडित एक अवाढव्य ओंडका फोडावयास लावतो. तो तेथेच मरतो. मृतदेह उचलण्यास चांभारवस्ती नकार देते. शेवटी पंडित स्वतः, स्पर्श न होईल अशा बेताने, दोरीचा फास पायात अडकवून प्रेत ओढीत नेतो आणि मेलेली जनावरे टाकतात तेथे टाकतो. ओम पुरी, स्मिता पाटील आणि आपले मोहन आगाशे यांच्या भूमिका आहेत.

या चित्रपटात राय यांनी प्रेक्षकाला रडण्याची सवड जवळजवळ दिलेली नाही. दुखी हा सुजाताप्रमाणे मोहक नाही. पंडितही राक्षस नाही. तो जेवतो, झोपतो, प्रवचन करतो. कुऱ्हाडीचे घाव आपण पुनःपुन्हा ऐकतो, आणि ओंडका फुटत नाही. क्रौर्य कोणा एकाच्या स्वभावात नसून रोजच्या व्यवहारात आहे, हे या संथपणातून उमगते. दुखी स्वतःच्याच हातून अपराध घडला असे मानतो, हे तर सर्वांत भयंकर आहे. दुःखाचे दर्शन अनेक चित्रपट घडवितात. येथे समुदयाचे, म्हणजे कारणाचे दर्शन घडते. दुःखाचा विचार सामाजिक शोषणाच्या अंगाने करावयास 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाने आपल्याला शिकविले. त्या दृष्टीने 'सद्गति' हा 'सुजाता'च्या फार पुढचा टप्पा आहे.

तरीही एक उणीव आम्हांस जाणवते. प्रेत न उचलण्याचा वस्तीचा निर्णय हा या कथेतील एकमेव सामुदायिक प्रतिकार आहे. तो दिसतो, परंतु थोडक्यात आटोपतो. कॅमेरा त्या वस्तीत फार वेळ राहत नाही. तो पंडिताच्या अंगणात परत येतो. राय यांचे अंतर प्रामाणिक आहे, परंतु ते अंगणाच्या बाजूने मोजलेले अंतर आहे.

'फँड्री' : दगड कोणाकडे?

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१३ साली आला आणि पुढील वर्षी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. कैकाडी समाजातील जब्या हा शाळकरी मुलगा, त्याचे वरच्या जातीतील शालूवर बसलेले मन, आणि डुकरे धरण्याचे वडिलांवर आलेले काम, एवढीच कथा. परंतु दिग्दर्शक कोठे उभा आहे, हे पाहिल्यास सर्व काही बदललेले दिसते. येथे कॅमेरा अंगणातून वस्तीकडे पाहत नाही. तो वस्तीतून गावाकडे पाहतो.

शेवटचा डुक्कर पकडण्याचा प्रसंग या दृष्टीने अभ्यसनीय आहे. गावकरी तमाशा पाहावा तसे बसले आहेत, हसत आहेत. जब्या लपतो, डुकरापासून नव्हे, शालूच्या नजरेपासून. डुक्कर हाती लागणार एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. जब्या ताठ उभा राहतो, आणि डुक्कर निसटते. पुढे ते डुक्कर काठीला बांधून नेत असताना मागील भिंतीवर बाबासाहेब, जोतीराव व सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे दिसतात. कोणी भाषण करीत नाही. या भिंतीची भाषा ज्याला येते त्याला ती कळते; ज्याला येत नाही, त्याला ती केवळ भिंत दिसते. आपल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

नंतर जब्या दगड भिरकावतो. तो दगड पडद्यावर थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो, आणि अंधार होतो. हा दगड केवळ गावगुंडाला नव्हता. बसून पाहणाऱ्या त्या गावकऱ्यांत आणि खुर्चीत बसून पाहणाऱ्या आपल्यात फरक काय, असा प्रश्न दिग्दर्शकाने त्या एका क्षणात विचारला. प्रेक्षकाच्या गृहाश्रित दुःखाला चित्रपटाच्या आतूनच दिलेले हे उत्तर होय.

कोणी म्हणेल की राग हे अकुशल कर्म आहे. धम्माच्या नियतकालिकात दगडाचे कौतुक शोभते काय? शंका रास्त आहे. आम्ही दगडाचे कौतुक करीत नाही. दुखीने दोष स्वतःकडे घेतला होता. जब्याने तो घेण्यास नकार दिला. या दोन क्षणांमधील अंतर हे मुक्तीचे पूर्ण अंतर नव्हे, परंतु त्या मार्गावरील पहिले पाऊल निश्चित आहे.

काळ देणे

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि त्यानंतरच्या पोलीस गोळीबारात दहाजण मृत्युमुखी पडले. या वेदनेने शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. आनंद पटवर्धन यांनी आपल्या आधीच्या चित्रपटात त्यांचे गाणे चित्रित केले होते. त्यांनी या घटनेपासून आरंभ करून चौदा वर्षे चित्रीकरण केले आणि २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण केला. जमाव टँकर पेटविणार होता, या गोळीबाराच्या समर्थनाची ते चित्रफितीच्या आधारे तपासणी करतात. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरविला, आणि २००९ साली सत्र न्यायालयाने संबंधित अधिकाऱ्यास दोषी ठरविले. चित्र हे पुरावा असू शकते, आणि चित्राच्या आधारे केलेला खोटा दावा चित्राच्याच साह्याने खोडता येतो, हे येथे दिसते.

परंतु आमच्या मते या चित्रपटाचे खरे बळ चौदा वर्षांत आहे. गोळीबाराच्या दिवशी आलेले कॅमेरे दुसऱ्या दिवशी गेले, हा राहिला. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे घेणारे सुधारक ओलवे यांची पद्धतही अशीच आहे. वर्षानुवर्षे ते त्याच माणसांकडे परत गेले. म्हणून त्यांच्या चित्रांत केवळ गटार आणि कचरा येत नाही. काम संपवून घरी परतलेला माणूस, त्याचे कुटुंब, त्याची खोली हेही येते. एकदा जाऊन आणलेल्या चित्रात निमित्त मिळते. माणूस मिळण्यासाठी परत जावे लागते.

उपसंहार

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे वळू. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी येथे एकाच कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मृतदेहांची छायाचित्रे कार्यकर्त्यांच्या हाती आली, पसरली, आणि मगच महाराष्ट्र जागा झाला. त्या तरुणाचे म्हणणे म्हणून नाकारता येत नाही. पण तीच छायाचित्रे आज, कोणाचेही नाव-गाव नसताना, एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर फिरतात, तेव्हा ती कोणाला जागे करतात? पुराव्याचे काम संपल्यावर ती 'द पीपल ऑफ इंडिया'तील चित्रांसारखी होतात : एक जात, एक नमुना, एक प्रेत. म्हणून आजींचेही म्हणणे नाकारता येत नाही.

वर्गात आम्ही अखेर असे ठरविले. मृतदेहांची छायाचित्रे भिंतीवर लावावयाची नाहीत. ती न्यायालय, आयोग आणि अभ्यासक यांच्यासाठी दिनांक व स्थळासह जपून ठेवावयाची. भिंतीवर त्या माणसांची जिवंतपणीची छायाचित्रे, कुटुंबाच्या संमतीने, नावासह लावावयाची, आणि खाली घटनेचा व खटल्याचा वृत्तान्त द्यावयाचा. भरहुतच्या कारागिरांनी हेच केले होते : नाव कोरले, आणि जे दाखवू नये ते दाखविले नाही. त्या तरुणांतील एकाने या कामासाठी तीन गावांना जाण्याचे पत्करले. पहिल्या गावाहून तो रिकाम्या हाताने परत आला. कुटुंबाने छायाचित्र देण्यास नकार दिला होता. त्याने वर्गात विचारले, "आता ती जागा मोकळी ठेवायची का?"

आजी म्हणाल्या, "नाव लिही, आणि मोकळीच ठेव."